मेहुण्याने घासलेला दगड

दंतवैद्य सकाळी मोरीपाशी आले, तेव्हा त्यांचा मेहुणा रबरी हातमोजे चढवून बादलीत काहीतरी घासत होता.

"दाजी, तुमच्या कपाटातला तो ठोकळा पार गंजला होता. रात्रभर संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवला. बघा आता!"

दंतवैद्यांनी बघितलं. तळाशी तपकिरी चिखल होता.

एका खनिजाने दुसऱ्याचं सोंग घ्यावं, अशा दगडांपायी दंतवैद्य वेडे होते. हा तर सगळ्यांत लाडका. सोनमाखी नावाच्या सोनेरी खनिजाचा रेखीव चौकोनी ठोकळा. हजारो वर्षांत त्यातली सोनमाखी गेली, तिच्या जागी गंज बसला, आकार मात्र तसूभरही हलला नाही. तो प्रदर्शनासाठी न्यायला संग्रहालयाचे अधिकारी संध्याकाळी येणार होते. हजारो वर्षं टिकलेलं मेहुण्याने एका रात्रीत आटोपलं होतं.

दंतवैद्य तिथेच पाटावर बसले. "संपलं सगळं."

"अहो, जन्मभर लोकांना खोटे दात बसवलेत," बायको म्हणाली. "एक खोटा दगड जमणार नाही?"

दंतवैद्यांनी दवाखाना बंद ठेवला. दातांच्या प्लास्टरचा ठोकळा ओतला, वजनाला आत खिळे घातले, कडा तासल्या, वरून बुटाचं पॉलिश आणि लोखंडाचा कीस चोळला. प्रत्येक हाताबरोबर त्यांना स्वतःची जास्तच किळस येत होती.

अधिकाऱ्यांनी ठोकळा पाहिला आणि त्यांचा श्वासच अडकला. "काय नमुना आहे हो!"

दंतवैद्यांना राहवेना. "साहेब, हे प्लास्टर आहे. आज दुपारी मीच केलंय."

अधिकाऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "समजतं हो. द्यायची वेळ आली की सगळ्यांचाच जीव तुटतो. मागे एक बाई तर म्हणाल्या, हा साबण आहे!"

आणि ठोकळा कापसात गुंडाळून ते गेलेसुद्धा.

प्रदर्शनात तो मधल्या काचपेटीत होता, खाली दंतवैद्यांचं नाव. दिव्याच्या उबेने पॉलिश वितळून एक कोपरा पांढराफटक पडला होता. दंतवैद्य लगबगीने पेटीकडे निघाले. तेवढ्यात गर्दीतून अधिकाऱ्यांचा आवाज आला, "बघा, बघा! गंजाच्या आतून आता तिसरंच खनिज डोकावतंय. हे जिप्सम!"

टाळ्या पडल्या. दंतवैद्यांनीही वाजवल्या. प्लास्टर जिप्समचंच असतं. साहेबांचं काडीचंही चुकलं नव्हतं.