तर्रीतले दोन थेंब

रफीकभाईंना डबा उघडून लगेच जेवता येत नाही. आधी प्रयोग. चण्याच्या भाजीवर तेलाची लाल तर्री तरंगत असते. तिचे दोन थेंब ते हेरतात, खिशातून स्वच्छ धुतलेला केसांचा आकडा काढतात, त्याची दोन टोकं दोन थेंबांत टेकवतात आणि आकडा हळूच मिटतात. थेंब जवळ येतात, अडतात आणि एकदम एक होतात.

"घुसला!" रफीकभाई ओरडतात.

कोण? तर विषाणू.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. रफीकभाई तिथल्या प्रयोगशाळेत परिचर आहेत. काचा धुता धुता त्यांनी माझी सगळी व्याख्यानं ऐकली आणि, कबूल करतो, माझ्यापेक्षा नीट समजून घेतली. "तो दार तोडत नाई सर," हे त्यांचं पालुपद. "भिंतीत भिंत मिसळवते." जेवतात मात्र बाहेरच्या बाकावर, एकटेच. डब्यात चमचे दोन. कशाला, हे मी कधी विचारलं नाही.

एकदा त्यांच्या डब्याभोवती माझाच वर्ग जमलेला पाहिला आणि माझं डोकं फिरलं. "तुमचं काम काचा धुण्याचं. शिकवायला मी आहे," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"जी सर," म्हणून त्यांनी आकडा खिशात ठेवला.

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. नागभीडकडची वैशाली आधी एकदा नापास झालेली; या वेळीही झाली तर कॉलेज बंद, असं घरी ठरलेलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "चरबीचं वेष्टन असलेला विषाणू पेशीत शिरतो कसा?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. वर पाहतो तर तिने केसातला आकडा काढला होता!

"सर, विषाणूवर चरबीचं पांघरूण असते, पेशीलेबी तसंच. विषाणू असा आकडा पेशीच्या पांघरुणात रोवते, मंग आकडा मिटते. दोन्ही पांघरुणं खेचून एक होते, अन् आतला माल सीधा पेशीत!"

"वा! छान शिकवलंत सर," परीक्षक मला म्हणाले.

"थँक्यू," मी म्हणालो.

शेजारी काचा धुण्याचा आवाज थांबला.

"नाही," मी जरा मोठ्यानेच म्हणालो. "मी नाही. यांनी." आणि रफीकभाईंना दंडाला धरून पुढे आणलं. परीक्षकांनी उठून त्यांचा ओला हात हातात घेतला, तशी पोरं ओरडली, "घुसला!" वैशाली पास झाली.

दुपारी मी बाकापाशी गेलो. "रफीकभाई, त्या दिवशी मी..."

"काऊन उभे सर? बसा ना." त्यांनी दुसरा चमचा पुसून माझ्या हातात दिला. "रोज दोन आनतो. कोनी बसंल म्हनून."

आणि आकडा न काढताच ते जेवायला लागले.