आप्पा अर्थ लावतात

टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघणारा माणूस अख्ख्या औशात एकच, आमचे शेजारी बसवंतआप्पा. "आवाज लबाड असतोय. दिसतंय ते सोडा, दावतंय काय ते धरा!" हे त्यांचं पालुपद. जन्म गेला कापडदुकानात. बाईनं कापड कसं चाचपलं यावरून तिच्या घरातलं भांडण सांगायचे. दहातले नऊ अंदाज साफ चुकायचे, पण माघार? नाव नको.

दोन वर्षांमागं गंगाकाकूंना लकवा मारला, वाचा गेली. तेव्हापासून आप्पांच्या या खोडीला ऊतच आला. काकूंनी नुसती भुवई हलवली की आप्पा अर्थ सांगून मोकळे. हल्ली मात्र काकू दोन घासांतच हात झटकायच्या आणि दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. "अन्नावरची वासनाच उडाली की हो तिची," एवढंच म्हणायचे आप्पा, आणि ताट उचलून न्यायचे.

त्या रविवारी माझ्या बायकोला काकूंपाशी बसवून मीच आप्पांना वाचनालयात ओढून नेलं. नांदेडची एक पोरगी अर्धापूरच्या केळीवर माहितीपट घेऊन आली होती, अगदी मुका. ना बोलणं, ना गाणं. आप्पांची तर चंगळच! केळीचे घड तुटले, "हे पोरं परगावी गेलेलं घर." ट्रक भरला, "हा संसाराचा भार." मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, जरा केळी बी बघू द्या की!"

शेवटी एक म्हातारी कॅमेऱ्याकडं बघून तीनदा हात झटकते. आप्पा उठून उभेच राहिले. "बघा! म्हातारी जगाला नको म्हणतीया. विरक्ती, विरक्ती!"

पोरगी हसू दाबत म्हणाली, "नाही हो काका. मी वाटेत उभी होते, मागून ट्रक येत होता. बाजूला हो म्हणत होती ती."

सगळं वाचनालय खदाखदा हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. आता आप्पा हुज्जत घालणार म्हणून मी सरसावून बसलो, तर ते तोंडातल्या तोंडात "बाजूला हो..." म्हणाले आणि तडक निघाले. चष्म्याचं घर तिथंच राहिलं. ते घेऊन मी मागं पळालो.

बघतो तर, आप्पा काकूंच्या खुर्चीपुढं उकिडवे बसलेले. "गंगा, जेवताना हात झटकतीस ते... म्या दारापुढं बसतो म्हणून? तुला रस्ता दिसत न्हाई म्हणून?"

काकूंनी मान हलवली. होकाराची, अगदी स्पष्ट.

"आन् म्या ताट उचलून नेत राहिलो! अर्थच लावत बसलो गं, विचारलं न्हाई कधी." म्हातारा ढसाढसा रडला.

मग उठले, ताट वाढून आणलं आणि या खेपेला काकूंच्या बाजूला बसले. भाकरी कुस्करून भरवू लागले. दोन घास झाले, चार झाले, आणि काकूंनी पुन्हा हात झटकला. आप्पांचा हात ताट उचलायला गेला, तसाच थांबला. "काय गं?"

काकू माझ्याकडं बघत होत्या. दार मीच अडवून उभा होतो. मी मुकाट्यानं उंबऱ्यावरून बाजूला झालो.