पायाळू तज्ज्ञ आणि अठ्ठावीस खड्डे

जमिनीत पुरलेले धन एकट्याने शोधले तर तो लोभ ठरतो. तेच अकरा जणांनी ठराव करून शोधले की त्याला सहकार म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळात वरपिंपळ्याच्या विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा गावाने पाण्याचा नाद सोडून 'गुप्तधन संशोधन सहकारी संस्था' काढली, ही दूरदृष्टीच म्हणायची. पाणी शोधायला सरकार होते.

धनाचा इतिहास पक्का होता. निजामाच्या एका तहसीलदाराने पोलीस ॲक्शनच्या गडबडीत मोहरांचा रांजण गावात पुरला आणि पळ काढला. (पुरावा : रांजण आजवर कुणालाही सापडलेला नाही.)

संस्थेचा सचिव वीरभद्र आणि तांत्रिक तज्ज्ञ महादेवी. दोघे पहिलीपासूनचे दोस्त, घराला घर लागून. महादेवी जन्मली ती पायांकडून, म्हणजे पायाळू. आणि पायाळू माणसाला जमिनीखालचे दिसते, हे आपल्याकडे सातबाऱ्याइतके पक्के. कार्यपद्धती साधी होती. महादेवीने डोळ्यांत काजळ घालून गावातून चालायचे, सचिवाने वही घेऊन मागून. ती थांबेल तिथे चेअरमन मोहनरावांनी शिट्टी फुंकायची, की टिकाव-फावडी हजर.

अडचण एवढीच, की वीरभद्राचे महादेवीवर प्रेम बसले होते. कधी, ते इतिवृत्तात नाही. बहुधा पहिल्याच खड्ड्याच्या सुमारास. आणि अंबाजोगाईच्या एका किराणा व्यापाऱ्याकडचे लोक सोमवारी तिला पाहायला येणार होते. त्याआधी बोलायला हवे होते. पण असले बोलणे चालता चालता होत नाही, थांबावेच लागते. तो म्हणे, "महादेवी, एक बोलायचं हुतं." ती थांबे. शिट्टी वाजे.

अशा रीतीने सत्तावीस खड्डे झाले. गोषवारा :

तो 'एक बोलायचं' यावरच अडला – एकोणीस.
तिनेच 'बोल की बाबा' म्हटले – सात.
तिच्या पायात काटा मोडला – एक. (हा सर्वांत खोल गेला.)

बिचारा वीरभद्र प्रत्येक खड्ड्याच्या काठावर तळमळायचा आणि मग सुवाच्य अक्षरात लिहायचा, 'निष्पत्ती निरंक.' दुष्काळी कामे पाहायला आलेल्या साहेबांनी हे खड्डे मृदसंधारणाचे समजून गावाची पाठ थोपटली.

रविवारी तातडीची सभा भरली. विषय : तज्ज्ञ सासरी गेल्यास धन शोधायचे कुणी?

"पोरगी गावातच द्या," मोहनराव म्हणाले. "तिची नजर तालुक्याबाहेर जाऊ द्यायची न्हाई."

इच्छुक सभासदांकडून अर्ज मागवण्याचे ठरले. नोटीस लिहायला वीरभद्रालाच बसवले. स्वतःचा अर्ज त्याला करता येत नव्हता, कारण सचिवाने संस्थेकडून कोणताही लाभ घेऊ नये, हे कलम त्यानेच हौसेने घातले होते.

चावडीवरची नोटीस महादेवीने दोनदा वाचली. घरी जाऊन काजळ घातले आणि चालू लागली. मागे अख्खे संचालक मंडळ. ती थेट वीरभद्राच्या घरात शिरली आणि त्याच्या आईच्या चुलीपाशी मांडी घालून बसली.

"कावून थांबलीस गं हितं?" आई शिवकांताबाईंनी विचारले.

"मला पाहिजे ते हितंच हाय," महादेवी म्हणाली. "आता उठत न्हाई. ह्याच्या तोंडातनं शब्द निघायला लई दुष्काळ जातील."

वीरभद्राला हसू आणि रडू एकदमच फुटले. मोहनरावांनी शिट्टी फुंकली.

खोदकाम संपेपर्यंत तज्ज्ञाने जागा सोडू नये, असे उपविधीत होते. बिनलग्नाच्या मुलीने परक्या घरी राहणे बरे दिसत नव्हते. तेव्हा लग्न हे खोदकामाचाच भाग ठरले आणि कलमाचा प्रश्न मिटला. अक्षता पडल्या त्या अठ्ठाविसाव्या खड्ड्याच्या काठावर. पुढे एकोणीस फुटांवर पाणी लागले. 'पाण्यामुळे शोधकार्यात व्यत्यय,' अशी नोंद वीरभद्राने केली, आणि गावातल्या बायका रांग लावून तो व्यत्यय घागरींनी भरून नेऊ लागल्या. नवराबायको सुखात आहेत. स्वयंपाक अंगणात होतो.

दोन जिवांचे जुळले, तहानलेल्या गावाला पाणी मिळाले. तरीही 'ते सगळं ठीक, पण रांजणाचं काय झालं?' असे तुमच्या मनात आलेच असेल, तर संस्थेचे सभासदत्व आपल्यासाठी खुले आहे. अर्ज साध्या कागदावर चालेल. फावडे मात्र स्वतःचे आणावे.