मेधाताई, मलाक्का आणि मागचे गिअर

यंत्रातलं मला कळतं! हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा तसा समज होणार नाही.

माझ्या मेधाताईचे यजमान हेमचंद्र सिंगापुरात बिशानला राहतात आणि एका गाडीवर जीव टाकतात. गाडी ऑस्ट्रेलियात बनलेली, १९७४ सालची, आठ सिलिंडरची. बॉनेट एवढं लांब की आधी ते पोचतं, मग आपण! सिंगापूरच्या नियमांप्रमाणे अशी जुनी गाडी वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर आणता येते. उरलेले दिवस मेहुणे तिला पुसतात आणि तिच्याबद्दल बोलतात. जेवताना बोलतात, लिफ्टमध्ये बोलतात, ताई फोनवर असली तरी बोलतात. ताईनं वर्षानुवर्षं ऐकून घेतलं आणि २०१४ साली निर्वाणीचं सांगितलं.

"लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. हिच्यातून मलेशियात, मलाक्काला जाऊ. मला प्रवास आवडला तर गाडी राहील. नाही तर विकायची!"

मेहुण्यांचा चेहरा उतरला. हायवेवर ती गाडी भयंकर आवाज करायची. उपाय होता तो मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअर बदलण्याचा. नेमकं तेव्हाच त्यांना ऑफिसनं दोन आठवडे जकार्ताला धाडलं.

"निशिकांत," मेहुणे विमानतळावर म्हणाले, "लिम अंकल सांगतील तेच गिअर बसवून घे. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

वन-नॉर्थच्या ऑफिसात चाळीस जणांची टीम सांभाळणाऱ्या माणसाला असं सांगतात का हो?

वर्कशॉपमध्ये मेकॅनिक लिम अंकलनी गिअरचा एक संच पुढे सरकवला. "हायवे, आह? टेक धिस. टू पॉइंट नाइन टू. व्हेरी स्मूथ."

मी पुण्यात वाढलोय. दुकानदार आपणहून पुढे करतो तो त्याचा न खपलेला माल, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवतात! मी कोपऱ्यातल्या दुसऱ्या संचाकडे बोट दाखवलं. त्याच्यावरचा आकडा होता ४.११. माझा हिशोब साधा होता. इंजिन एकदा फिरणार, चाक चारदा. इंजिन निवांत, गाडी सुसाट! शिवाय चाराच्या वरचे मार्क सोडून तिनाच्या आतले कोण घेईल?

"दॅट वन फॉर रेसिंग, लाह!" अंकल आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "इंजिन टर्न फोर टाइम, व्हील टर्न वन टाइम!"

बघा, माल खपवायला माणूस गणितसुद्धा उलटं करतो! मी हटलो नाही. अंकलनी खांदे उडवले. "यू हॅपी, आय हॅपी."

गाडी तयार झाली ती निघायच्या आदल्या संध्याकाळी, मेहुणे परतल्यावरच. "खास निवडलेत!" एवढंच मी त्यांना सांगितलं.

सकाळी पहिला सिग्नल हिरवा झाला आणि गाडीनं अशी उडी घेतली की ताईच्या मांडीवरचा वड्यांचा डबा मागे माझ्या मांडीवर आला. मेहुण्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. ती नजर कौतुकाची नव्हती.

मलेशियाचा हायवे लागला आणि माझ्या सीटखाली पिठाची गिरणी सुरू झाली!

"मामा, सो लाऊड, लाह!" माझी भाची गार्गी कानात बोटं घालून ओरडली.

वेगाचा काटा एकशे दहावर होता आणि ड्युरियनची फळं भरलेला टेम्पो आम्हाला आरामात मागे टाकून गेला. गिअर बदलले की काटाही खोटं बोलतो, हे ज्ञान मला तिथे झालं.

"निशिकांत! कुठले बसवलेस?" मेहुणे किंचाळले.

मी चार बोटं दाखवली.

त्यानंतर ते पुष्कळ बोलले. ओठ सारखे हलत होते. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, हे माझं नशीब! मग बोलता बोलता ते स्टिअरिंगवरून हात फिरवू लागले, मुलगी सासरी निघताना तिच्या पाठीवरून फिरवावा तसा. मला फार वाईट वाटलं. माझ्या शहाणपणापायी त्या भल्या माणसाची गाडी हातची चालली होती.

मलाक्काला इंजिन बंद झालं. ताई शांतपणे उतरली.

"मेधा, मी विकतो ती," मेहुणे म्हणाले.

"मुळीच नाही!" ताई म्हणाली. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही चार तास इंजिनाबद्दल बोललात आणि मला काहीही ऐकू आलं नाही. किती दिवसांनी नुसती झाडं बघितली मी! गाडी राहणार. आणि गिअरही हेच राहणार."

मेहुण्यांचे डोळे भरून आले. माझी छाती फुगली. "बघ ताई, शेवटी माझीच निवड!"

"तुझी चूकच आहे," ताई म्हणाली. "पण माझ्या सोयीची आहे. किल्ली द्या हो. परत जाताना मी चालवणार. आणि शेजारी बसून मला कुणी शिकवायचं नाही."

ताई आणि गार्गी गाडीनं परत आल्या. मी आणि मेहुणे बसनं. वाटेत त्यांनी मला अ‍ॅक्सल, पिनियन, गिअरचे दाते, सगळं मुळापासून समजावून सांगितलं, सलग साडेचार तास. बस अगदी नवी होती हो. टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांत!