भोईर सरांचं ‘मग?’

आमचे भोईर सर ऑनलाइन कार्यशाळेला कॅमेरा चालू ठेवून बसतात. हे वाचून ज्यांना काहीच वाटलं नाही, ते प्राध्यापक नसावेत.

आम्हा प्राध्यापकांच्या पाचवीला या कार्यशाळा पुजलेल्या. बढतीला सर्टिफिकेट लागतं, सर्टिफिकेटला हजेरी लागते आणि हजेरीला नुसतं नाव पुरतं. त्यामुळे पडद्यावर सगळे काळे चौकोन आणि खाली नावं. चौकोनामागे मी भेंडी परतत असते. आमच्यातल्या एका मॅडमनी ‘अध्यापनातील नवे प्रवाह’ पनवेलला भाचीच्या साखरपुड्यात पूर्ण केले. त्यांच्या हातात सर्टिफिकेट आणि पेढा एकाच दिवशी पडला.

या काळोखात एकच चौकोन उजळलेला : इस्त्रीचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, पुढ्यात वही. सारसोळे गावचे भोईर सर. नेरूळच्या आमच्या कॉलेजात भूगोल शिकवतात.

नुसते बसले असते तरी चाललं असतं. पण व्याख्याते श्वास घ्यायला थांबले की सर माइक उघडतात आणि म्हणतात, “मग?”

“आजचा शिक्षक हा ज्ञानदाता नसून सुलभक आहे,” असं एका साहेबांनी स्लाइडवरून वाचलं.

“मग?” सर म्हणाले.

साहेब गडबडले. पुढच्या स्लाइडवर चहाच्या सुट्टीची वेळ होती. शेवटी त्यांना स्लाइड सोडून स्वतःच्या वर्गातली एक गोष्ट सांगावी लागली, आणि खरं सांगते, त्या दिवशी तेवढीच पाच मिनिटं मी गॅस बंद करून ऐकलं.

“सर, कशाला टोचता हो त्यांना?” मी स्टाफरूममध्ये विचारलं.

“टोचतो कुठं? ते बोलतात, मी आयकतो. आयकनाऱ्यानं ‘मग’ नाय म्हनायचं, तर काय म्हनायचं? ‘व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह’?”

हा टोला आम्हाला होता. कार्यशाळा संपली की आम्ही सगळे चॅटमध्ये ‘व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह सेशन’ एवढं चिकटवून बाहेर पडतो. नंतरच्या फॉर्ममध्येही ‘उपयुक्त’, ‘खूप उपयुक्त’ आणि ‘अत्यंत उपयुक्त’ असे तीनच पर्याय असतात. सरांनी सूचनांच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘चौथा द्या.’

यंदा मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार. शेवटची बढती एका सर्टिफिकेटावर अडलेली, म्हणून ते पाच दिवसांच्या कार्यशाळेला बसले होते. पहिल्या दिवशी इतक्या वेळा ‘मग?’ झालं, की दुसऱ्या दिवशी संयोजकांनी त्यांचा माइकच बंद करून टाकला.

तिसऱ्या दिवशी एक तरुण मुलगी शिकवायला आली आणि थोड्याच वेळात तिचा आवाज गेला. ओठ हलत होते, हात हलत होते, आवाज नाही. तिला ते कळलं नाही. आम्हालाही नाही, कारण ऐकत कोण होतं? माइक बंद केलेले सर एकटे कानाला हात लावून खुणा करत राहिले. मग त्यांनी कॅलेंडरचं पान फाडून त्यावर मार्करने लिहिलं, ‘आवाज येत नाही’, आणि ते कॅमेऱ्यापुढे धरलं. संयोजकांना तो निषेधाचा फलक वाटला. त्यांनी सरांना बाहेर काढलं.

अर्ध्या तासाने मुलीने हात जोडले आणि चॅट भरून वाहू लागलं. ‘व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह सेशन, मॅम.’ त्यात माझंही होतं. लाज वाटते, पण होतं.

चौथ्या दिवशी संयोजकांनी रेकॉर्डिंग लावल्यावर सगळा उलगडा झाला. पण चूक कबूल करतील तर ते संयोजक कसले? त्यांचा निरोप आला : सरांनी माफीचं पत्र द्यावं, तरच सर्टिफिकेट. प्रिन्सिपॉलनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. ‘मी वारंवार “मग?” असे म्हणून व्याख्यात्यांचा अवमान केला, याबद्दल दिलगीर आहे.’ मीच टाइप केलं आणि रविवारी सकाळी सारसोळ्याला गेले.

सरांचा लॅपटॉप एका टेबलावर होता. त्याच्या पलीकडे, समोरासमोर, एक रिकामी खुर्ची. मी तिच्यावर बसले. सरांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. त्यांनी पत्र वाचून पालथं ठेवलं.

“नाय करनार सही.”

“सर, बढती जाईल. एका शब्दासाठी?”

“तो शब्द माजा नाय, मॅडम. मंदाचा हाय.”

मंदाताई म्हणजे सरांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेल्या. मी त्यांना फक्त गॅदरिंगमध्ये पाहिलं होतं.

“लॉकडाउनात शिकवायचो ना, तवा सगले काले चौकोन. एक तोंड दिसायचं नाय. चार दिवसांत माजी वाचाच बसली. मंदा बोलली, मी बसते समोर, मला सांगा. चौथी शिकलेली ती. हितंच बसायची, तुमी बसलाय तिथं. कोलंबी सोलत आयकायची. मी थांबलो की म्हनायची, ‘मग?’ त्या ‘मग’वर मी पुरी दोन वर्सं शिकवली. मान्सूनचे वारे, खंड, समुद्राचे प्रवाह, सगलं तिला सांगितलं मी. आता ती पोर पडद्यावर एकटीच बोलत होती. तिच्यासमोर कोनी बसायला नको? आनि त्याची माफी मागू मी? मंदाच्या शब्दाची? बढती ऱ्हायली तर ऱ्हायली!”

आवाज चांगलाच चढला होता. मी पत्र उचललं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये कोंबलं. मला माझ्या सगळ्या भेंड्या आठवल्या.

सर खिडकीबाहेर खाडीकडे बघत होते. तसेच म्हणाले, “ती गेल्यावर पयल्यांदा वर्गात गेलो. मुलं समोर होती, सगली तोंडं होती. शिकवायला लागलो, एक वाक्य बोललो, आनि थांबलो...”

मी त्या खुर्चीत जरा पुढे सरकून बसले.

“मग?” मी म्हटलं.