पितळी कड्यांची बंगई

घरात वस्तू आणायला निघताना भावना घरीच ठेवून निघावं, हे समाजाच्या स्थैर्यासाठी अत्यावश्यक आहे. सौंसर-पांढुर्ण्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं. वस्तू आवडली की चेहरा पाडायचा. फारच आवडली तर तिला नावं ठेवायची. आणि जीवच जडला असेल तर चपला घालून दुकानाबाहेर चालू लागायचं. (मागे वळून पाहण्यास मनाई. दुकानदार हाक मारतो. ती हाक म्हणजेच सौदा.) उलट, जी वस्तू घ्यायचीच नाही तिचं तोंडभर कौतुक करावं. त्याला खर्च येत नाही आणि दुकानदारालाही बरं वाटतं.

या शास्त्रात सौंसरच्या शाळेतले पुंडलिकराव मास्तर यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा त्यांनी एका पाट्याला असं झापलं, की पाथरवटाने वरवंटा वरून दिला.

त्यांच्या पत्नी देवकाबाई मात्र भावनाप्रधान. घर बांधलं तेव्हाच त्यांनी ओसरीच्या आढ्याला बंगईसाठी आकडे ठोकून घेतले होते. (झोपाळ्याला आम्ही बंगई म्हणतो.) बंगई काही आली नाही. एका आकड्याला कंदील आणि दुसऱ्याला कांदे लटकत राहिले. संध्याकाळी देवकाबाई त्याखाली जमिनीवर बसून नुसतेच पाय हलवत. संसाराकडून त्यांचं एवढं एकच मागणं होतं.

छप्पन सालच्या दिवाळीच्या तोंडावर पांढुर्ण्याच्या नत्थूजी सुतारांनी पितळी कड्यांची सागवानी बंगई केली. दोघं बघायला गेले. देवकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मास्तरांनी त्यांना तातडीने दुकानाबाहेर उभं केलं. खरं तर त्यांचाही जीव बंगईवर जडला होता, त्यामुळे त्यांनी आयुष्यभराची विद्या पणाला लावली.

"हे बंगई आहे का तिरडी, नत्थूजी?" ते म्हणाले. "मानूस बसला का थेट वरच जाईन."

मग त्यांनी सागवानाचं कुळ काढलं, पितळेचं चारित्र्य काढलं, आणि ओघात नत्थूजींच्या वडिलांचाही परामर्श घेतला. नत्थूजी खूश होते. एवढी नावं ठेवणारं गिऱ्हाईक त्यांना वर्षानुवर्षं मिळालं नव्हतं. शेवटी मास्तरांनी चपला घातल्या आणि ते चालू लागले.

दुकानात मोहगावचा गुणवंता खाट घ्यायला आला होता. मास्तर एवढं बोलून राहिले म्हणजे माल अस्सल असला पाहिजे, असा त्याने हिशेब केला आणि सांगितली ती किंमत मुकाट मोजली. (अशा लोकांमुळेच समाज रसातळाला जातो.)

मास्तर हाकेची वाट पाहत सावकाश चालले. वाटेत चपलेचा अंगठा नीट केला. तो तुटलेला नव्हता. स्टेशन आलं तरी हाक येईना. देवकाबाईंनी मात्र नियम मोडून मागे पाहिलं होतं. बंगई गुणवंताच्या बैलगाडीत चढली, तेही त्यांनी पाहिलं. मग त्या मास्तरांच्या मागोमाग चालू लागल्या.

त्याच आठवड्यात राज्यांची वाटणी झाली. सभासभांतून नागपूरकडच्या पाहुण्यांनी आमच्या संत्र्यांचं, कापसाचं आणि आमच्या मराठीचं भरभरून कौतुक केलं होतं. नागपूर मुंबई राज्यात गेलं. आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. (शास्त्र कुठेही चुकत नाही.)

लग्न झाल्यापासून देवकाबाई मास्तरांच्या घोरण्याला, छत्रीला आणि चालण्याला रोज नावं ठेवत आल्या होत्या. जाणकार माणूस असल्यामुळे मास्तर त्या बळावर निर्धास्त झोपत. दिवाळीच्या दिवशी देवकाबाईंनी ताट वाढलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही किती चांगले आहा हो. तुमच्यासारखा मानूस शोधून सापडनार नाही."

मास्तरांच्या घशात अनारसा अडकला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने ते पांढुर्ण्याला पोचले. लाजलज्जा सोडून नत्थूजींना म्हणाले, की तुमच्यासारखा कारागीर नाही, ती बंगई म्हणजे स्वर्ग होती, तशीच दुसरी करून द्या. नत्थूजींनी सगळं ऐकून घेतलं, पान दिलं आणि दारापर्यंत पोचवायला आले. एवढं कौतुक करणारा माणूस काही घेणार नाही, हे त्यांना कळत होतं.

आकड्यांना अजून कंदील आणि कांदेच आहेत. देवकाबाई मास्तरांशी फार गोड बोलतात.

वाचकहो, आज घरी तुमच्या नावाने खडे फोडले गेले असतील तर खुशाल झोपा. पण कोणी तुम्हाला चांगलं म्हटलं असेल, तर कोणत्या दुकानातून तुम्ही मागे न पाहता निघून आलात, ते जरा आठवून पाहा.