इंजिनाच्या कानात कुर्रर्र

आमच्या सेलूत भास्करभाऊ इंजिनांची बारशी करतात. थट्टा नाही. मोडक्यातोडक्या भागांतून इंजिन जुळून आलं की ते धुऊनपुसून पाटावर बसवायचं, हळदकुंकू लावायचं, घुगऱ्या वाटायच्या. मग नाव ठेवायला आत्या लागते म्हणून समोरच्या घरातून मला हाक येते. "मंजू, ये वं! पोरगं खोळंबलं!" मी कणकेचे हात तसेच घेऊन जाते, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी ओठ नेते आणि "कुर्रर्र" करून नाव सांगते. माझ्या सख्ख्या भावाने मला हा मान अजून दिलेला नाही, कारण त्याचं लग्नच जमेना. पण भास्करभाऊंच्या कृपेने मी लोखंडी भाचरांच्या बाबतीत गावात सगळ्यांच्या पुढे आहे.

बारशात आत्याच्या पाठीवर बुक्क्या घालायची रीत आहे. ते काम सुमनवहिनी, म्हणजे भाऊंची बायको, फार मन लावून करतात.

भाऊंचा खरा धंदा फोटो स्टुडिओचा. मोबाइल आले आणि स्टुडिओला कोणी विचारेना, तेव्हा भाऊंनी कपाळाला हात लावला नाही, पान्हा हातात घेतला. धबधबा आणि दोन हरणं रंगवलेला पडदा अजून तिथेच आहे, फक्त त्याच्यापुढच्या स्टुलावर आता इंजिन असतं. चुकून कोणी पासपोर्ट फोटोला आलं, तर कॉलरला ऑइल लावून घेऊन जातं. बारशाआधी भाऊ इंजिनाचाही फोटो काढतात. "मान सरळ," असं त्यालाही सांगतात.

त्यांचं गाजलेलं अपत्य म्हणजे 'जोडपं'. दोन जुन्या स्कूटरची इंजिनं त्यांनी समोरासमोर बसवून एकाच चेनला जोडली. बारसं झालं, दोन्ही इंजिनं एकदम सुरू झाली, धूर झाला, गाडी नुसती थरथरत जागच्या जागी उभी. समोरासमोर बसवल्यामुळे एक पुढे ओढत होतं आणि एक मागे. भाऊंनी दोन्ही इंजिनं बंद केली आणि म्हणाले, "नाव बरोबर ठेवलं आपण."

दर रविवारी सकाळी स्टुडिओत गाडीवाल्यांची बैठक बसते. मेश्राम सर शाळेतून निवृत्त झालेले. ते आपली जुनी मोटारसायकल ढकलत आणतात. चालवत का नाही, असं विचारलं तर म्हणतात, "चालवली तं खराब होईन ना!" दुसरा गजू, पार वडनेरहून येतो, शेतीची कामं टाकून. बैठकीचा नियम एकच, बोलायचं तर इंजिनावर. पण गियर ऑइलवरून गोष्ट तर्रीवर जाते, तर्रीवरून वांग्यांवर आणि वांग्यांवरून गजूच्या सासूच्या गुडघ्यावर. मग भाऊ गरजतात, "विषय इंजिनाचा हाय, बाप्पा!" जो भरकटला त्याने पॉलिश पेपर घेऊन एक प्लग घासायचा. आणि लगेच भाऊ स्वतः सुरू होतात, "आता पिस्टनची रिंग म्हंजे कशी, का आमच्या साळ्याच्या लग्नात बालूशाही होती..." सगळ्यांत जास्त प्लग त्यांनीच घासले आहेत.

मागच्या वर्षी त्यांनी विहिरीवरचं एक जुनं डिझेल इंजिन आणलं. जाडजूड, एकाच सिलिंडरचं, वरवंट्यासारखं. ते तीन चाकांवर बसवलं, पहिल्याच दिवशी गाडी चालली. आम्ही घुगऱ्यांची वाट पाहतोय, तर भाऊ म्हणाले, "बारसं नाई. आवाज लागला नाई अजून."

मग सुरू झाला एक तमाशा. सायलेन्सर म्हणून कधी दुधाची कॅन, कधी बोअरचा पाइप, एकदा तर वहिनींचं पितळी घंगाळ. इंजिन चालू करायचं, गजूच्या हवाली करायचं आणि आत स्वयंपाकघराकडे धावत जायचं. थोड्या वेळाने भाऊ तोंड पाडून बाहेर येत. "नाई पोचला."

"भाऊ, आर्वीपर्यंत पोचला," मेश्राम सर कानातली बोटं काढून म्हणत. माझ्या खिडकीच्या काचा वाजत होत्या, मांजर घर सोडून गेलं होतं. शेवटी बैठकीने वर्गणी काढून भाऊंना एक चांगला, शांत सायलेन्सर भेट दिला. त्यात त्यांनी कोरफड लावली.

सुमनवहिनींना मात्र या सगळ्याचा काही त्रास नव्हता. त्यांना दोनेक वर्षांपासून ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आहे, पण ते लावलं की भांडं पडलं तरी डोक्यात घणघण होते म्हणून डब्यात ठेवलेलं. समोरून बोललं की ओठांवरून त्यांना सगळं कळतं. पाठ असली की काही नाही. एकदा गजू म्हणाला, "भाऊ, नशीब तुमचं! या घरात अशीच बायको टिकन." आम्ही हसलो. भाऊ हसले नाहीत. त्यांनी विषय इंजिनाचा आहे असंही म्हटलं नाही. नुसता प्लग घासत बसले.

त्याच दुपारी मी त्यांना गाठलं. "भाऊ, आवाज पोचवायचा तरी कुठे?"

"तुह्या वहिनीपर्यंत," ते म्हणाले. "पहिले मी लग्नाचे फोटो काढून येवो ना, तं ते माझी स्कूटर नाक्यावरूनच ओळखे. घरात पाय ठेवला का चहा चढलेला. आता मी मागून गेलो का दचकते. रोज दचकते, मंजू. आपल्याच घरात मी चोरासारखा येऊन राह्यलो."

"म्हणून हा एवढा मोठा आवाज?" मी विचारलं.

"बारीक आवाज तिले पोचत नाई," भाऊ म्हणाले. "जाडा पोचन. कानातून नाई तं जमिनीतून पोचन. पाहा ना, तिच्या पायाखालची फरशी हालते, तरी तिले काऊन समजत नाई?"

मी स्वयंपाकघरात डोकावले. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. पायांत टाचदुखीसाठी आणलेल्या, दोन बोटं जाड रबरी चपला.

"भाऊ, या चपला कोणी आणल्या?"

"मीच. भल्ल्या मऊ हायेत." आणि मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "बाप्पा बाप्पा! इंजिनखाली रबर लावलं नाई मी, का धक्का पोचला पायजे म्हणून. अन बायकोखाली लावून ठेवलं!"

रविवारी मी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन वहिनींच्या स्वयंपाकघरात गेले. "आज बारसं आहे. चपला काढा, चपला घालून कुंकू लावतात का?" त्यांनी कुरकुरत काढल्या. बाहेर भाऊ गाडी घेऊन नाक्यापर्यंत गेलेले. मेश्राम सर आणि गजू दारात उभे.

लांबून आवाज सुरू झाला. डुग... डुग... डुग... मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायला लागल्या. वहिनी कुंकू लावता लावता थांबल्या. त्यांनी खाली पायांकडे पाहिलं, मग ओट्यावर तळवा टेकवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आले वाट्टे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

भाऊ मागून आत आले. वहिनी वळल्या नाहीत आणि दचकल्याही नाहीत. "हात धुवा पहिले," त्या गॅसकडे पाहतच म्हणाल्या. "ऑइल लागलं असन."

भाऊ दाराची चौकट धरून रडायला लागले. पन्नाशी उलटलेला माणूस, मुलासारखा. मग मी वहिनींसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, नीट ओठ हलवून.

बारसं झालं. डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर नसतो, म्हणून मी हवेच्या नळीशी तोंड नेलं आणि विचारलं, "नाव काय?"

"'आलो' ठेव," भाऊ म्हणाले.

"कुर्रर्र... आलो!" आणि मी पाठ घट्ट करून बुक्कीची वाट पाहत राहिले. धपकन आवाज झाला, पण माझी पाठ शाबूत. बुक्की भाऊंना पडली होती.

"इतके दिवस हे करून राह्यले, अन मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं होतं ना," भाऊ डोळे पुसत म्हणाले. "तुले आइकू नाई आलं."

दुसरी बुक्की पहिलीपेक्षा जोरात बसली.